जोत्यापासून पांढरा

सरितादीप सोसायटीत सहा घरं आहेत, एकाच रांगेत, भिंतीला भिंत लावून. बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत, नदीपासून चालत सहा-सात मिनिटांवर. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सेक्रेटरी उन्मेष खानविलकरने सगळ्यांना आपल्या गेटपाशी बोलावलं आणि मोबाइलमध्ये बघून वाचून दाखवलं,

"भिंती फिकट क्रीम. खिडक्या-दारांना गडद क्रीम बॉर्डर. आणि जोत्यापासून पाच फुटांपर्यंत चॉकलेटी पट्टा. सहाही घरांना सेम. पाडव्याच्या आत काम झालं पाहिजे."

"पाच फूटच का?" शेवटच्या घरातल्या विठा सांबरेने विचारलं.

उत्तर सगळ्यांच्या भिंतींवर होतं. दोन हजार एकोणीस साली नदी घरात शिरली होती, माणसाच्या छातीएवढी. पाणी गेलं, गाळ काढला, पण जिथपर्यंत पाणी थांबलं होतं तिथे एक तपकिरी रेघ राहिली. वरून दोनदा रंग दिला तरी हवा दमट झाली की ती पुन्हा उमटायची, टेबलक्लॉथवरच्या चहाच्या डागासारखी. एकवीस साली नदी परत येऊन गेली, निम्म्या उंचीने.

"काकू, तुम्हाला माहितीये का ते," उन्मेष म्हणाला. "लाइट कलरवर रेघ दिसते. घर बघायला आलेला माणूस आधी तिथेच बघतो. चॉकलेटीवर काहीच दिसत नाही."

उन्मेषला पुण्यात नोकरी मिळाली होती. विठाच्या भिंतीला लागून असलेलं त्याचं घर त्याला पावसाळ्याआधी विकायचं होतं. ही गोष्ट लपलेली नव्हती, आणि त्यात वाईट असं काही नव्हतंही.

"माझ्या घराला बाहेरून सिमेंटच्या फळ्या बसतायत," विठा म्हणाली. "त्यांना वरून रंग द्यायचाच नाही, रंग कारखान्यातूनच येतो. शाळेच्या पाटीसारखा काळपट निळा. त्याच्याशेजारी चॉकलेटी म्हणजे सगळा चिखल."

"ठीक आहे, फळ्या सोडा. पण पट्ट्या तर रंगवणार ना? कोपऱ्याच्या, खिडकीच्या, जोत्याच्या? त्या तरी चॉकलेटी करा."

"पट्ट्या पांढऱ्या होणार."

"खालच्या?"

"खालच्या पण. जोत्यापासून पांढऱ्या."

कुणीतरी हसलं. दुसऱ्या घरातले सुजित कदम म्हणाले, "वहिनी, मांजर्लीत पांढरा? दोन महिन्यांत फडकं होईल त्याचं."

"झालं तर धुवेन," विठा म्हणाली आणि आपल्या घरात निघून गेली.

विठाचं वय एकसष्ट. माहेर बारवी धरणाच्या बाजूच्या एका गावातलं, भातशेतीवालं. लग्न होऊन अंबरनाथला आली आणि तिथल्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात कामाला लागली. पहिली तीन वर्षं डबे पुसण्यात गेली. एक दिवस लॅबमधल्या साहेबाने रंग दिलेले दोन पत्रे उन्हात धरून "सेम आहेत ना?" असं सहज कुणालातरी विचारलं, आणि शेजारून डब्यांची हातगाडी नेणारी विठा म्हणाली, "डावा लाल मारतोय." साहेबाने तपासलं. डावा लाल मारत होता. पुढची तेवीस वर्षं विठा उत्तरेच्या खिडकीखाली बसून शेड जुळवत होती. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून ते टेबल तिथे ठेवलेलं. तिने ठीक म्हटल्याशिवाय तिच्या पाळीतला माल डब्यात भरला जात नसे.

दोन हजार बारा साली तिने आणि तिच्या नवऱ्याने, आण्णांनी, हे घर घेतलं. आण्णा फिटर होते, त्याच सुमारास निवृत्त झालेले. घर बघायला गेले तेव्हा मालकाने भिंती नुकत्याच रंगवल्या होत्या. खाली गडद, वर फिकट. विठाला फाटकातच ताज्या रंगाचा वास आला. "घर देताना स्वच्छ करून द्यावं," मालक म्हणाला, आणि तिला ते फार आवडलं. आण्णांनी विचारलं होतं, "पाणी वगैरे येतं का इथे?" मालक हसून म्हणाला, "नदी तिकडे, आपण इकडे."

एकोणीस सालच्या त्या जुलैत आण्णांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. जिना चढायला नको म्हणून त्यांची खाट खालच्या खोलीत टाकलेली. उजाडता उजाडता पाणी आलं ते बाहेरून नाही, आधी बाथरूमच्या जाळीतून. मग दारातून. विठाने आण्णांना खाटेवरून ओढून जिन्याशी आणलं. ती एक पायरी वर बसायची, त्यांच्या काखेत हात घालायची आणि त्यांना एक पायरी वर घ्यायची. चौदा पायऱ्या. पाचव्या पायरीवर होते तेव्हा खाट तरंगायला लागली. दहाव्या पायरीवर आण्णांचा नुकता शिवलेला गुडघा वाकला आणि ते ओरडले. त्यानंतर शेवटपर्यंत ओरडले नाहीत, पण तो पाय पुन्हा सरळ झाला नाही. आजही ते चालतात तेव्हा डावा खांदा खाली जातो.

दोन पुरांनंतर बाहेरचा गिलावा धरेना. दरवर्षी पोपडे निघत. म्हणून यंदा विठाने सिमेंटच्या फळ्या बसवायचं ठरवलं. आडव्या, एकीवर एक चढवलेल्या, आणि मागे हवेला थोडी फट. भिजल्या तरी फुगत नाहीत. काम रूपेशला दिलं. रूपेश तिच्या माहेरचा, नात्याने भाचा लागणारा, चाळिशीचा माणूस. फळ्या बसवणं आणि रंग देणं दोन्ही त्याला जमायचं.

त्या रविवारच्या मीटिंगच्या आठवडाभर आधी तो जुना गिलावा आणि रंग खरवडत होता. मध्येच त्याने हाक मारली, "आत्ते, जरा भाइर ये गो."

विठा बाहेर आली. रूपेशने कोपऱ्यालगत परातीएवढा तुकडा मोकळा केला होता. थर स्पष्ट दिसत होते, तिने लावलेला पोपटी, त्याखाली आधीच्या मालकाचा गडद तपकिरी, त्याखाली पांढरी पुट्टी, आणि सगळ्यात खाली जुना पिवळा. त्या पिवळ्यावर एक रेघ होती. मातकट, सरळ, सुतळी धरून मारल्यासारखी.

"ही आपली एकोनीसची नाय ना?" रूपेशने विचारलं.

"एकोणीसला हा पिवळा झाकलेला होता." विठाने रेघेवर बोट ठेवलं. तिच्या खांद्याच्या उंचीला. "ही पाच सालची."

दोन हजार पाच सालच्या पुराबद्दल तिने ऐकलं होतं, पण तो सगळीकडेच आला होता, त्याचं काय. तो याच भिंतीवर, याच उंचीला येऊन गेला होता आणि कुणीतरी पुट्टी भरून, घासून, वर गडद रंग देऊन तो बुजवला होता. तिने रस्त्याकडच्या वाळूच्या ढिगावर बसकण मारली. तेवीस वर्षं शेड ओळखणाऱ्या बाईला ताज्या रंगाचा वास आला होता आणि तिने तो आदरातिथ्य म्हणून घेतला होता.

"माहीत असतं तर आपण घर घेतलं नसतं," आण्णा दारातून म्हणाले.

"घेतलं असतं," विठा म्हणाली. "एवढं कुठे जमणार होतं दुसरीकडे? पण खाट वर टाकली असती."

मग तिने रूपेशला लगेच टेप आणायला लावला. फळ्या बसायच्या आत तिने उंची मोजून कागदावर उतरवली. पाच सालची जोत्यापासून चार फूट चार इंच. एकोणीसची चार फूट नऊ. एकवीसची अडीच फूट.

फळ्या बसल्यावर घर एकदम गंभीर दिसायला लागलं. आता पट्ट्यांचा पांढरा ठरवायचा होता. विठा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये कमलेशच्या दुकानात गेली. कमलेशच्या वडिलांचं दुकान असल्यापासून तिची तिथे ओळख होती.

"दीदी, बोला. काय देऊ?"

"पांढरा. बाहेरचा."

कमलेशने मागे हात घालून एक डबा काउंटरवर ठेवला. "ये लो. सुपर व्हाइट."

"कार्ड काढ."

"व्हाइट का कार्ड? दीदी, व्हाइट तो व्हाइट होता है."

"तुझ्या बाबांनी हे ऐकलं असतं तर तुला गल्ल्यावर बसू दिलं नसतं."

कमलेश हसला आणि कार्ड काढलं. त्यात एकोणीस पांढरे होते. विठाने कार्ड घेऊन दुकानाबाहेर फूटपाथवर जाऊन पाहिलं, ट्यूबलाइटखाली नाही. फळीचा एक तुकडा तिने पिशवीत आणला होता. तो शेजारी धरून तिने बघता बघता पंधरा बाद केले. उरलेल्या चारांचे लहान डबे घेतले.

घरी येऊन तिने फळीचे चार उरलेले तुकडे रंगवले, सुकू दिले आणि बाहेर भिंतीला टेकवून ठेवले. मग तीन दिवस ती सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच वाजता समोरच्या रस्त्यावर जाऊन उभी राहायची. घराचं तोंड पश्चिमेला. सकाळी सावली, दुपारनंतर तिरपं कडक ऊन.

पहिला पांढरा निळसर होता. डब्यात झगझगीत, पण काळपट निळ्या फळीशेजारी तो बर्फासारखा गार पडायचा. "दवाखाना," विठा म्हणाली. दुसरा क्रीमकडे झुकणारा. सकाळी बरा दिसायचा, पण संध्याकाळचं ऊन पडलं की पिवळा व्हायचा, न घासलेल्या दातांसारखा. तिसऱ्यात किंचित गुलाबी होता, तो फक्त तिलाच दिसला. आण्णा म्हणाले, "कुठंय गुलाबी?" तिने तुकडा उचलून पहिल्याच्या शेजारी ठेवला. आण्णांनी डोळे बारीक केले. "हो गं. आहे." चौथा जवळपास ठीक होता, पण फार उजळ. दुपारी त्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि गडद फळीवर खिडक्या डोळे वटारल्यासारख्या दिसायच्या.

तिसऱ्या दिवशी उन्मेष ऑफिसातून येताना थांबला. रस्त्यात उभ्या असलेल्या काकू आणि भिंतीला टेकलेले चार पांढरे तुकडे बघून म्हणाला, "काकू, एवढं काय त्यात? चारही सेम आहेत."

"सेम नाहीत. तुला दिसत नाहीत."

"मी काय म्हणतो, वरती पांढरा ठेवा हवं तर. खाली फक्त पाच फूट..."

"उन्मेष, तुझ्या रंगाखाली काय आहे बघितलंस कधी?"

"काय?"

"पाच सालची रेघ. माझ्या घरात होती म्हणजे तुझ्याही असणार. आपल्याला घरं विकली त्यांनी पुट्टी मारून झाकली होती."

उन्मेषने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "त्याला आता वीस वर्षं झाली, काकू," आणि गेट उघडून आत गेला.

दुसऱ्या दिवशी विठा पुन्हा कमलेशकडे.

"चौथा घे. त्यात काळ्याचे दोन थेंब आणि यलो ऑक्साइडचा एक."

"मशीनमें ऐसा फॉर्म्युलाच नाही, दीदी."

"मशीन राहू दे. ड्रॉपर आहे?"

ड्रॉपर होता. विठाने काउंटरवरच एक लहान डबा मोजून घेतला, थेंब घातले, काडीने ढवळलं, फळीच्या तुकड्यावर एक बोट ओढलं आणि टेबलफॅनसमोर धरलं. ओल्या रंगावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे ती शिकली होती. सुकल्यावर बाहेर जाऊन बघितलं. काळ्याचा अजून अर्धा थेंब हवा होता. तिने तो घातला. पुन्हा सुकवला, पुन्हा बाहेर गेली. या वेळी ती बराच वेळ आत आली नाही म्हणून कमलेश स्वतः बाहेर आला.

तुकड्यावरचा पांढरा आता ओरडत नव्हता. पण मागेही हटत नव्हता. गडद फळीची कड त्याने नीट धरली होती.

"आयला," कमलेश म्हणाला. "ये तो सचमुच अलग है. याला नाव काय द्यायचं, दीदी? बिलावर लिहावं लागतं."

"पांढरा लिही."

पट्ट्या रंगवायला रूपेशला चार दिवस लागले. खिडक्यांच्या चौकटी, पन्हाळीखालची फळी, दोन्ही कोपऱ्यांच्या उभ्या पट्ट्या, आणि शेवटी जोत्याची आडवी. दोन हात झाले, सुकले. मग विठाने कागद काढला, टेप लावला आणि रस्त्याकडच्या कोपऱ्याच्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलने तीन खुणा केल्या.

"आत्ते, हे कशाला?" रूपेश कुरकुरला. "चार दिवस मर मर मरून गुळगुळीत केलाय."

"म्हणूनच. इथे रेघ नीट उमटेल."

तिने बारीक ब्रश घेतला आणि काळपट निळ्या रंगात तीन रेघा मारल्या, बोटभर लांब. प्रत्येकीच्या शेजारी साल लिहिलं. २००५. २०१९. २०२१. अक्षर नीट वाचता येत होतं.

आण्णांना हे पसंत नव्हतं. "रोज तोंड बघायचंय या लोकांचं," ते म्हणाले. "पांढरा लाव म्हटलं, लावलास. पाटी कशाला लावायची?"

"ही पाटी बारा साली इथे असती तर तुम्ही आज सरळ चालला असता."

आण्णा पाय ओढत आत गेले.

फेब्रुवारी संपता संपता, एका दुपारी, उन्मेषकडे घर बघायला एक बाई आली. तिशी-पस्तिशीची, एकटीच. नाव शलाका. उन्मेषने तिला वर-खाली सगळं दाखवलं. त्याच्या भिंतीला आता चॉकलेटी पट्टा होता, पुढच्या चौघांनाही. विठा पायरीवर पालेभाजी निवडत होती. दोघं बाहेर आले तेव्हा शलाका विठाच्या घरापुढे थांबली.

"किती सुंदर दिसतंय हे! कुठला व्हाइट आहे, काकू?"

"हाताने बनवलाय."

शलाका कोपऱ्यापाशी आली. पट्टीवर बोट फिरवलं, आणि ते बोट रेघेपाशी थांबलं. "हे काय आहे? मुलांची उंची?"

"ते काकूंचं काहीतरी डिझाइन आहे," उन्मेष घाईने म्हणाला. "चला, तुम्हाला गच्ची दाखवायची राहिली."

विठाने भाजीची परात बाजूला ठेवली. "पाण्याची उंची आहे, बाळा. नदी इथपर्यंत आली होती. तीनदा."

"इथपर्यंत? म्हणजे रस्त्यावर?"

"घरात."

शलाकाने हात आपल्या छातीशी नेला, मग पुन्हा पट्टीवर ठेवला. तिने उन्मेषकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात पाणी फक्त गल्लीत साचतं."

उन्मेषचे कान लाल झाले.

"तुला खालची खोली कुणासाठी हवी होती?" विठाने विचारलं.

"बाबांसाठी. त्यांची उजवी बाजू गेलीये. जिना चढता येत नाही, म्हणून तर..." ती थांबली.

"मग ऐक. घर वाईट नाही. वारा चांगला येतो, शेजारी अडीअडचणीला धावतात. तू घेतलंस तर मला आवडेल. पण वडिलांना खाली झोपवायचं नाही. त्यांना वर नेता येणार नसेल तर हे घर तुझ्यासाठी नाही."

शलाकाने रेघेकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग "थँक यू, काकू" म्हणाली, उन्मेषला "फोन करते" म्हणाली आणि रिक्षात बसून गेली. तिने फोन केला नाही.

संध्याकाळी उन्मेष आला. बेल वाजवली नाही, जाळीच्या दारावर थाप मारली.

"झालं समाधान? ती टोकन द्यायला तयार झाली होती. तुमचं काय बिघडत होतं गप्प बसायला?"

"माझं काही बिघडत नव्हतं. तिच्या बापाचं बिघडलं असतं."

"प्रत्येक जण स्वतः चौकशी करतो, काकू. तिनेही केली असती."

"तिने केली. तुला विचारलं तिने. तू काय सांगितलंस?"

"मग मी काय करू?" त्याचा आवाज चढला. "मलाही कुणी सांगितलं नव्हतं! मी हे घर घेतलं तेव्हा मला कोण बोललं? माझी बायको पोराला गच्चीवर घेऊन बसली होती. विसरलात? मी कुर्ल्याला अडकलेलो, फोन लागत नव्हता. माझं नुकसान कोण भरून देणार?"

"विसरले नाही. मीच त्याला गच्चीवरून दूध दिलं होतं."

उन्मेषने जाळीवरचा हात खाली घेतला.

"तुला कुणी सांगितलं नाही म्हणून तुला कसं वाटलं, ते तुझं तुला माहीत आहे," विठा म्हणाली. "तेच दुसऱ्याला द्यायचं? मी नाही देणार. आणि माझ्या भिंतीवरून कुणाला देऊही देणार नाही."

"रेघा पुसा, काकू. नाहीतर मी नोटीस काढतो."

"काढ."

त्याने खरंच काढली. सोसायटीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत. इमारतीच्या एकसारख्या स्वरूपाला बाधा आणल्याबद्दल सात दिवसांत खुणा काढून टाकाव्यात. विठाने चष्मा लावून दोनदा वाचली आणि मागच्या बाजूला मराठीत लिहून दिलं, "खुणा खऱ्या आहेत. खोट्या असतील तर दाखवा, मी स्वतः पुसेन. वि. सांबरे."

पुढच्या रविवारी मीटिंग झाली, या वेळी उन्मेषच्या घरात. सहाही घरांतून कुणी ना कुणी आलं होतं. आण्णा सहसा अशा ठिकाणी येत नसत. त्या दिवशी ते विठाच्या आधीच चप्पल घालून दारात उभे होते.

उन्मेषने विषय मांडला. घरांच्या किमती, सोसायटीचं नाव, एकी. दोघं-तिघं माना डोलवत होते. सुजित कदम म्हणाले, "वहिनी, तुमचं खरं आहे हो. पण खरं म्हणून दारावर लावून ठेवायचं का? आपल्याकडे उद्या कोण येईल?"

विठा बोलायला उठली, पण आण्णांनी तिच्या हातावर हात ठेवला. ते स्वतः उठले. उठताना त्यांना टेबल धरावं लागलं आणि सगळे बघत राहिले.

"मला हिचं पटलं नव्हतं," आण्णा म्हणाले. "मी हिच्याशी दोन दिवस बोललो नाही. नंतर जिन्यावर बसलो आणि मोजलं. ही तेव्हा पंचावन्न वर्षांची होती. माझं वजन ऐंशी किलो. हिने मला चौदा पायऱ्या ओढलं. कारण एका माणसाला त्याचं घर सुखात विकायचं होतं." त्यांनी टेबलावरची पकड बदलली. "तुम्ही ठरवा काय ते. पण ती पट्टी पुसायला जो येईल त्याला आधी मला बाजूला करावं लागेल. आणि मला हलवणं सोपं नाही, हिला विचारा."

कुणीतरी खुदकन हसलं. सुजित कदमांनी चष्मा काढून पुसला. मग हात वर करायला सांगितलं. नोटीस मागे घ्यावी म्हणून चार हात वर गेले, विठाचा धरून. एक घर तटस्थ राहिलं. उन्मेषने हात वर केला नाही. त्याने रजिस्टरमध्ये ठराव लिहिला, सही केली आणि रजिस्टर सुजित कदमांपुढे सरकवलं. "आता तुम्हीच सांभाळा," म्हणाला.

त्यानंतर तो विठाशी बोलेनासा झाला. समोरून आली की मोबाइलमध्ये बघायचा. चॉकलेटी पट्टे पाचही घरांवर तसेच राहिले, कुणी खरवडले नाहीत. फक्त सुजित कदमांनी एक दिवस आपल्या खालच्या खोलीतला फ्रिज आणि कागदपत्रांचं कपाट वरच्या मजल्यावर नेलं, आणि जाता जाता विठाला सांगितलं, "उगाच, जागा झाली जरा." पांढऱ्या पट्ट्यांवर धूळ बसत होती. विठा दर पंधरा दिवसांनी स्टुलावर चढून ओल्या कापडाने त्या पुसायची. रेघांवर कापड हलक्या हाताने फिरवायची.

मेच्या मध्यावर उन्मेषकडे पुन्हा माणसं आली. नवरा-बायको, अंबरनाथ पूर्वेला भाड्याने राहणारे. बायको शेजारच्या, विठाच्या घराकडे बघत होती. विठा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने चिमटे खाली ठेवले.

उन्मेषने वर पाहिलं. दोघांची नजर भिडली. मग तो त्या जोडप्याकडे वळला आणि गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाला,

"पाणी येतं. आधीच सांगतो. एकोणीसला छातीएवढं आलं होतं, एकवीसला मांडीएवढं. खाली झोपायचं नाही, मीटर वर घेतलाय, गच्चीवर जायला जिना आहे. चालत असेल तर आत या, नसेल तर मला पण वेळ नाही."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने विचारलं, "वर किती खोल्या आहेत?"

"दोन," उन्मेष म्हणाला. "या, दाखवतो."

तिघं आत गेले. दार लागलं. विठाने उरलेले कपडे दोरीवर टाकले आणि खाली जाऊन चहाला तीन कप पाणी जास्त ठेवलं. तो पाठवायचा की नाही, हे तिने अजून ठरवलं नव्हतं.